प्रवेशिका हाही ताळेबंदच

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव येथे आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. त्यांची कन्या छत्रपती संभाजीनगर येथे वृत्तपत्रविद्या व जनसंवाद हा विषय शिकत आहे. गेल्या संक्रांतीच्या सुट्टीत ती एक फाईल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, विद्यार्थ्यांसाठी जनसंपर्क पुरस्कार आहे. प्रवेशिका तयार केलीय. तुम्ही आयुष्यभर अहवाल वाचलेत, एकदा नजर घाला.”

फाईल देखणी होती. बारा रंगीत पाने, छायाचित्रे, घोषवाक्ये. विषयही माझ्या जिव्हाळ्याचा, फोनवरून होणाऱ्या आर्थिक फसवणुकीविषयी गावात केलेली जनजागृती. दिवाळीच्या सुट्टीत तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी हे अभियान राबविले होते. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘अभियान पाच हजार ग्रामस्थांपर्यंत पोहोचले.’

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचा डोळा अशा आकड्यावर थांबतोच. मी विचारले, “बेटा, हा आकडा कुठून आला?”

ती थोडी घुटमळली. ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत संदेश टाकला, त्यांतील सभासदसंख्येची बेरीज तिने केली होती. एकच माणूस तीन गटांत असेल तर तो तीनदा मोजला गेला होता. संदेश उघडून वाचला किती जणांनी, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग आम्ही चार संध्याकाळी ती फाईल पुन्हा लिहिण्यास बसलो. त्या चार संध्याकाळी जे उमगले, ते आपल्या घरोघरीच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

जनसंपर्क म्हणजे केवळ प्रसिद्धी, असा समज सर्वत्र रूढ आहे. या व्यवसायाचा आरंभ मात्र वेगळ्या भूमिकेतून झाला. १९०६ मध्ये अमेरिकेतील आयव्ही ली या माजी पत्रकाराने वृत्तपत्रांना एक तत्त्वपत्रक पाठविले. आम्ही उघडपणे काम करू आणि अचूक माहिती देऊ, असे त्याचे सार होते. आपल्या देशात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. राज्य शासनाच्या ज्या विभागाकडून ‘लोकराज्य’ मासिक निघते, त्याचे नावही माहिती व जनसंपर्क महासंचालनालय असेच आहे. आधी माहिती, मग संपर्क, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो.

या क्षेत्रातील पुरस्कारांची परीक्षणपद्धतीही त्याच क्रमाची आहे. अमेरिकेतील ‘सिल्व्हर अ‍ॅन्व्हिल’ या मान्यवर पुरस्कारासाठी कामाची मांडणी चार शीर्षकांखाली करावी लागते, ती म्हणजे संशोधन, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. तेथील विद्यार्थ्यांसाठी १९७३ पासून बेटमन स्पर्धा होते. तिच्यात विद्यार्थ्यांचे संघ प्रत्यक्ष अभियान राबवून त्याचा लेखी वृत्तांत सादर करतात. २०१० मध्ये बार्सिलोना येथे जगभरच्या तज्ज्ञांनी मोजमापाची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांचा मथितार्थ असा की, किती पत्रके वाटली वा किती बातम्या छापून आल्या यापेक्षा लोकांच्या जाणिवेत आणि वर्तनात काय पालटले, हे पाहावे. आपल्याकडेही २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात गावांना केवळ कागद पाठवून बक्षीस मिळत नसे. तपासणी समिती गावात येई आणि गल्ल्या, गटारे, शौचालये डोळ्यांनी पाही.

या कसोटीवर मी तिची फाईल तपासू लागलो. संशोधन कोठे आहे, असे विचारताच तिने पिशवीतून एक वही काढली. अभियानापूर्वी तिने गावातील चाळीस जणांना, त्यांत बचत गटातील महिला होत्या आणि निवृत्तिवेतनासाठी बँकेच्या रांगेत उभे असलेले वृद्धही, तीन प्रश्न विचारले होते. फसवणूक झाल्यास कोणत्या क्रमांकावर कळवावे, हा त्यांतील एक. १९३० हा क्रमांक केवळ सहा जणांना ठाऊक होता. ही वही फाईलमध्ये नव्हतीच! “चाळीसच माणसं आहेत काका, म्हणून घातली नाही,” ती म्हणाली.

वस्तुतः त्या फाईलचा प्राण त्या वहीत होता. मी सुचविले की, त्याच चाळीस जणांना आता पुन्हा भेट आणि तेच प्रश्न विचार. दोन दिवस ती गावभर हिंडली. तिघे ऊसतोडीला गेले होते, सदतीस भेटले. त्यांपैकी चोवीस जणांनी १९३० हा क्रमांक अचूक सांगितला, तेरा जणांना तो आठवला नाही. सहावरून चोवीस, तेही दोन महिन्यांनंतर! बँकेच्या भाषेत याला आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक म्हणतात. या दोन्ही समोर असल्याशिवाय मधल्या उलाढालीला अर्थ नसतो.

अंमलबजावणीच्या भागातही एक गोष्ट तिने झाकली होती. पहिल्या आठवड्यात वाटलेली पत्रके वाया गेली, कारण अनेक वृद्धांना बारीक अक्षर वाचता येईना. मग मुलींनी पत्रके बाजूला ठेवली आणि बचत गटांच्या बैठकीत फसव्या फोनचा संवादच करून दाखविला. एक मुलगी बँकेचा अधिकारी असल्याचे सांगून ओटीपी मागे, दुसरी फोन ठेवून १९३० लावी. लोकांच्या ध्यानात राहिला तो हा संवाद. मी म्हणालो, “हे लिही. चूक कळली आणि मार्ग बदलला, हे परीक्षकाला कळू दे.” सोबत रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधारही जोडला. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाकडून खात्यात गैरव्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेस कळविले, तर तोशीस त्याच्यावर येत नाही, असा त्यात नियम आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर मात्र बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. त्वरित कळविण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

फाईलमधील एक छायाचित्र मी काढावयास लावले. त्यात फसवणूक झालेली एक महिला होती आणि खाली तिची हकिगत, गेलेल्या रकमेसह, छापलेली होती. “तिला विचारलं होतं का?” या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा त्या बाईंनी हात जोडले, “घरच्यांना माहीत नाही, ताई.”

तिसऱ्या संध्याकाळी मात्र तिचा धीर सुटला. “काका, तिथं सगळेच फुगवून लिहितात. कुणी लाख म्हणतं, कुणी दोन लाख. चाळीस माणसांची गोष्ट कोण वाचणार?”

या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तेव्हा मी तिला माझी एक गोष्ट सांगितली, जी आजवर घरीही सांगितली नव्हती. नोकरीत असताना एका शाखेत खाती उघडण्याचे शिबिर घेतले होते. उद्दिष्ट अपुरे राहिले. वरून निरोप आला, ‘आकडा पूर्ण दाखवा.’ अर्धवट अर्जही मी जमेस धरले आणि अहवालावर स्वाक्षरी केली. शाबासकीचे पत्र आले. वर्षभराने त्याच गावातील एक शेतकरी आपल्या खात्याची चौकशी करीत आला. आमच्या अहवालात त्याचे खाते उघडलेले होते, खतावणीत नव्हते. त्याच्या नजरेला मी नजर देऊ शकलो नाही. ते पत्र पुढे मी फाडून टाकले, पण स्वाक्षरी तर केलेली होती.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. दुसरा रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे. चातुर्मासातील प्रवचनांत हे शब्द मी कित्येकदा ऐकले होते. पण माझा तो अहवाल आणि या मुलीच्या फाईलमधील ते छायाचित्र, दोन्ही त्या शब्दांच्या कक्षेत येतात, हे त्या संध्याकाळी प्रथम जाणवले. फुगविलेला आकडा कुणाला इजा करीत नाही, असे आपण समजतो. परंतु पाच हजारांपर्यंत पोहोचलो असे लिहिले की, न पोहोचलेल्यांकडे पुन्हा जाण्याचे कारणच उरत नाही.

ती काही बोलली नाही. सकाळी मात्र नवा मजकूर घेऊन आली. बारा पानांची दोन पाने झाली होती, पुरावे परिशिष्टात. पहिल्याच परिच्छेदात चाळीस, सहा आणि चोवीस हे आकडे होते. आठवण न राहिलेल्या तेरा जणांचा उल्लेख होता आणि अठराशे चाळीस रुपयांच्या खर्चाचा हिशेब, पावत्यांसह.

उरली ती दक्षता. नियमावली दोनदा वाचून प्रत्येक अटीसमोर खूण केली. मार्गदर्शक प्राध्यापकांची स्वाक्षरी आणि छायाचित्रांतील व्यक्तींची लेखी संमती आधीच घेतली. फाईलचा आकार मर्यादेत बसविला. गावातील विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी प्रवेशिका पाठविली आणि पोच छापून ठेवली.

निकाल लागला. विजेत्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिने स्वतःच फोन करून सांगितले. आवाज खाली होता, हे लपवीत नाही. माझा सल्ला तिला महागात पडला काय, हा विचार माझ्याही मनात दोन दिवस घोळत होता.

त्यानंतरच्या रविवारी ती गावी आली, तेव्हा तिच्या हातात तीच वही होती. तेरा नावांची यादी तिने वेगळ्या पानावर उतरविली होती आणि त्यांतील चार नावांपुढे खूण झाली होती. “उरलेल्या नऊ जणांकडे दुपारनंतर जाते,” ती म्हणाली, “आता ऊसतोडीचे तिघंही येतील.” मी तिला चहाचा आग्रह केला, पण ती थांबली नाही.