माथेरानची तांबडी वाट

भाईंदरला राहणाऱ्या माणसाला पाण्याचे अप्रूप असायचे कारण नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या सपाटीवर मिठागरे! पण ते सारे पाणी खारे. डोंगरमाथ्यावरचे गोडे पाणी आणि भोवतीची गर्द झाडी पाहायची हुक्की आली, की आमची मंडळी दादरला गाडी बदलतात, कर्जतच्या लोकलमध्ये जागा धरतात आणि नेरळला उतरतात. पुढे चढ. सुमारे आठशे मीटर उंचीवर माथेरान!

हे गिरिस्थान इंग्रजांच्या नजरेला प्रथम पडले ते १८५० साली, आणि तेही आमच्याच ठाण्याच्या कलेक्टरच्या. मॅलेट त्याचे नाव. आता माथेरान रायगड जिल्ह्यात मोडते. तरी हा ऋणानुबंध आम्ही भाईंदरकर सोडायला तयार नाही! नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीची रेल्वे मात्र सरकारने नव्हे, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली. १९०७ साली ती सुरू झाली. २००५ च्या महापुरात ती वाहून गेली, पुढेही अनेकदा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. मुलांना तिच्याखेरीज दुसरे काही नको असते. पण तिकिटे मिळणे हा नशिबाचा भाग. ती न मिळाल्यास टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचे. तिथे मोटारींचे राज्य संपते. रुग्णवाहिकेसारखा एखादा अपवाद सोडला, तर पुढे मोटारीला मज्जाव आहे.

पहिल्या दहा मिनिटांत बूट तांबडे होतात, अर्ध्या तासात पायजमे. सौभाग्यवतींनी आता माथेरानसाठी कपड्यांचा एक निराळा गठ्ठाच ठेवला आहे.

पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय, रामबागेची उतरण, घोड्यावरची रपेट हे सर्व वाचकांच्या परिचयाचे असेल. माझा जीव जडला आहे तो शार्लट तलावावर. बाजारातून चालत गेले की झाडीतून एकाएकी पाणी चमकते. काठाशी पिसरनाथाचे देऊळ. हा माथेरानचा ग्रामदेव. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळू लागले की तिथे जत्रा लोटते. दिवाळीनंतर मात्र सारे शांत असते. थर्मासमधला चहा काढावा, माकडांपासून बिस्किटे सांभाळावीत आणि स्वस्थ बसावे. पोहायचे मात्र मनात आणू नये. हे गावाच्या पिण्याचे पाणी आहे. आपल्यासाठी जो देखावा, तो तिथल्या गृहिणीचा माठ आहे!

आणि मला खरे सांगायचे आहे ते या गृहिणीच्या गावाबद्दल. २०११ च्या खानेसुमारीत आमच्या मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती. माथेरानची साडेचार हजारही नव्हती. एवढ्याशा गावाला दळणाच्या पोत्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत प्रत्येक वस्तू कोणीतरी वर आणून द्यावी लागते. काही घोड्याच्या पाठीवर, काही हातगाडीवर, काही माणसाच्या डोक्यावर. पायथ्याच्या वाड्यांतल्या आदिवासी बायका पहाटे भाजीची पाटी घेऊन पायवाटेने डोंगर चढतात. आपण घासाघीस करतो ती त्या चढाशी! १९४२ च्या लढ्यातले हुतात्मा भाई कोतवाल याच गावचे. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषवलेल्या या वकिलाने या वाड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, हे बाजारातून हिंडताना आठवते.

मोटार नाही, म्हणून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना वाहून नेण्याचे काम वर्षानुवर्षे हातरिक्षाने केले. एक माणूस पुढून ओढतो, दुसरा मागून रेटतो. एकदा माझ्या वृद्ध मावशीला आम्ही तशा रिक्षातून नेले. चढावर रिक्षावाल्याचा श्वास ऐकून मावशी म्हणाली, ‘‘अरे दादा, थांब जरा, मी उतरते.’’

तो हसला. ‘‘बसा आजी. तुम्ही उतरलात तर आमची चूल कशी पेटायची?’’

मावशीला काही बोलता येईना, आणि मलाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत मानवी प्रतिष्ठेला शोभणारी नाही असे ठरवून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा हुकूम दिला. विजेवर चालणाऱ्या रिक्षा त्याआधीच, २०२२ च्या अखेरीस, प्रयोगादाखल आल्या होत्या. त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असे न्यायालयाने बजावले. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या वाटेवर फरसबंदी करायला परवानगी दिली. पण आतल्या वाटा मातीच्याच राहाव्यात, असेही सांगितले.

घोडेवाल्यांचे दुखणे वेगळे. आमच्या मुलीला रपेट घडवणारा तरुण घोडेवाला म्हणाला, ‘‘साहेब, रिक्षा चार्ज केली की उभी राहते. घोड्याला पावसाळ्यातसुद्धा चंदी लागते. गिऱ्हाईक नसले म्हणून तो उपाशी राहतो का?’’ उलट चिक्कीच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, ‘‘माझी पोरगी भर पावसात पाठीवर दप्तर घेऊन एवढे चालत शाळेत जायची. रिक्षा आली, आता ती भिजत नाही. तुम्ही दोन दिवसांनी घरी जाता हो, तुम्हाला शांतता गोड लागते.’’

बाईंच्या बोलण्यात काकणभर तिखट होते. पण खोटे काय होते? माझे मत विचाराल तर रिक्षा असाव्यात, मोजक्याच असाव्यात, आणि प्रवाशाच्या आधी शाळेच्या पोराला आणि आजाऱ्याला जागा मिळावी. घोड्याच्या चंदीचा हिशेब मात्र अजून कोणी समाधानकारक मांडलेला मी ऐकला नाही.

त्या बाईंकडून अर्धा किलो चिक्की घेतली. घासाघीस केली नाही. सौभाग्यवतींनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि आणखी पावशेर बांधायला सांगितली.