स्पिंडलचे एक टोक मोकळे का ठेवतात?

लेथवर सकाळी कातलेला पहिला नग आणि दोन तासांनंतरचा नग मापास सारखे उतरत नाहीत, ही तक्रार कारखान्यात नवी नाही. दोष बहुधा हत्यारावर किंवा कारागिराच्या हातावर ढकलला जातो. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ हेडस्टॉकच्या आत, स्पिंडलची बेअरिंगे ज्या रीतीने बसविली असतात तिच्यात असते.

स्पिंडल फिरू लागला की घर्षणाने तापतो आणि तापलेले पोलाद लांबते. ५०० मिलिमीटर लांबीच्या स्पिंडलचे तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले तर त्याची लांबी सुमारे ०.११ मिलिमीटरने वाढते. बिडाचे हेडस्टॉकही तापते, पण सावकाश आणि कमी. अशा वेळी दोन्ही टोकांची बेअरिंगे आपापल्या घरात पक्की आवळलेली असतील तर या वाढीने जावे कोठे? छर्रे कड्यांवर दाबले जातात; दाबाने घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता, आणि उष्णतेने पुन्हा लांबी. हे चक्र वेळीच थांबले नाही तर वंगण जळते आणि अखेर स्पिंडल अडकून बसतो.

म्हणून स्पिंडल लांबीच्या दिशेने एकाच ठिकाणी जखडावयाचा असतो, आणि ते ठिकाण चकजवळचे होय. मागच्या बेअरिंगने भार पेलावा, पण त्याच्या बाहेरच्या कड्यास घरात मागेपुढे सरकण्याइतका वाव असावा. मग वाढ मागच्या बाजूस निघून जाते आणि हत्यारासमोरचे टोक जवळजवळ जागच्या जागी राहते.

पुढच्या टोकास तिरपा दाब पेलणारी दोन बेअरिंगे पाठीला पाठ लावून बसविण्याची पद्धत रूढ आहे. अशा जोडीच्या आतल्या कड्यांमध्ये मुद्दाम अत्यल्प फट ठेवलेली असते. नट आवळला की ती मिटते आणि छर्ऱ्यांवर आगाऊ दाब येऊन खेळ नाहीसा होतो. दोहोंमध्ये आतली व बाहेरची नळकांडी घालावयाची असल्यास ती ग्राइंडरवर एकाच वेळी, एकाच मापात घासावी. येथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हिशेब असतो. नटाचे तोंडही आट्यांशी काटकोनात हवे. तसे नसेल तर आवळताना स्पिंडलच किंचित वाकतो, आणि मग कितीही महाग बेअरिंग आणले तरी व्यर्थ. बाहेरची कडी धरणारे झाकण हेडस्टॉकला टेकण्यापूर्वी कड्याला टेकले पाहिजे. स्क्रू आवळण्याआधी तेथे कागदाच्या जाडीहूनही कमी फट दिसावी.

पट्ट्याची ओढ हा दुसरा प्रश्न. ती सदैव एकाच दिशेने असते आणि स्पिंडल तिच्याखाली फिरतो; त्यामुळे आतल्या कड्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो. ते कडे सैल असेल तर स्पिंडलवर हळूहळू सरकत राहून त्याला झिजविते. आतले कडे घट्ट आणि मागचे बाहेरचे कडे सरकते ठेवावयाचे, ते याच कारणाने.

शाफ्टिंगच्या काळातील लेथवर पायऱ्यांची पुली दोन बेअरिंगांच्या मधोमध असे. सपाट पट्टा तेथल्या तेथे तोडून जोडता येत असे. अखंड व्ही-पट्टा बदलण्यासाठी मात्र सगळा स्पिंडल उपसावा लागला असता. म्हणून पुली मागच्या बेअरिंगच्या बाहेर आली. सोय झाली, पण तरफेचा नियम आड आला. बेअरिंगांमधील अंतर ४०० मिलिमीटर आणि पुली मागे १०० मिलिमीटरवर असेल, तर ८० किलोग्रॅमच्या ओढीने मागच्या बेअरिंगवर १०० किलोग्रॅम भार पडतो. पुढच्यावर २० किलोग्रॅम येतो, तोही उलट दिशेने.

१९०७ साली स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट यांनी स्वतःला सरळ करून घेणारे बेअरिंग तयार केले, ते गिरणीतील वाकड्या बसलेल्या शाफ्टांसाठी. लेथच्या पुढच्या टोकास तशी सवलत उपयोगाची नाही. तेथे कलू न देणे हेच काम. म्हणून उत्तम यंत्रांत पुलीला हेडस्टॉकवर पक्क्या केलेल्या नळीवर स्वतःची बेअरिंगे देतात आणि खाचांच्या जोडणीतून स्पिंडलकडे केवळ फिरविण्याचे बळ नेतात. ओढ हेडस्टॉकच्या अंगावर जाते.

जुन्या यंत्रात हे शक्य नसल्यास पट्टा घसरणार नाही इतकाच ताणावा. जुळणीनंतर काही वेळ मंद गतीने फिरवून दोन्ही घरांचे तापमान पाहावे. मागचे घर पुढच्यापेक्षा अधिक तापत असेल, तर पट्टा थोडा सैल करावा. तरीही फरक पडला नाही, तर मागचे कडे खरोखर सरकते आहे की नाही हे उघडून तपासावे.