बोर्डाचा दिवस आणि बाकीचे दिवस

दिव्यांग तपासणीच्या दिवशी रावेर, यावल, चोपड्याकडून जळगावला आणि साक्री-शिरपूरकडून धुळ्याला येणाऱ्या पहाटेच्या एसटीत काही आया हमखास दिसतात. मूल सहा-सात वर्षांचे, तरी कडेवर. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात आधार कार्ड, रेशनकार्ड, फोटो आणि बाळंतपणापासूनचे सगळे रिपोर्ट. शिवाय भाकरीचे फडके, पाण्याची बाटली आणि बदलायचे दोन जोड कपडे. या तपासणीला घरोघरी ‘बोर्ड’ म्हणतात. बोर्डापुढे मूल काही मिनिटे असते, पण त्यासाठी घरातल्या दोघांची मजुरी बुडते. प्रमाणपत्र मिळाले की एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत मिळते. ६५ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मे तिकीट पडते. मात्र ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी केलेल्या खेपांना मुलाची ही सवलत लागू नसते.

बोर्डाने ४० टक्के किंवा त्याहून जास्त लिहिले की बरीच दारे उघडतात. युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा पैसे मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली, हे चांगलेच झाले. पण पन्नास हजारांची अट फार तोकडी आहे. नवरा-बायको दोघे रोजंदारीवर जात असतील तर खरे उत्पन्न सांगून या अटीत बसणे अवघड जाते. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र अनेकदा तात्पुरते असते. मूल मोठे झाले की पुन्हा तीच एसटी आणि तीच पिशवी.

मदतीची सगळी रचना अशी बोर्डाच्या दिवसाभोवती उभी आहे. वर्षाचे उरलेले दिवस घराच्या वाट्याला येतात, आणि घराच्या म्हणजे बहुतेक ठिकाणी आईच्या.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. तेव्हाचा कायदा १९९५ चा होता आणि त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता त्यात आली, थॅलेसेमिया आला, सिकलसेलही आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल वस्त्यांच्या दृष्टीने सिकलसेलचा समावेश फार मोलाचा आहे. हातपाय धड असलेले, पण दुखण्याच्या कळांनी महिन्यातले कित्येक दिवस अंथरुणाला खिळणारे मूल त्याआधी कुठल्याच यादीत बसत नव्हते. त्याच जनगणनेच्या आधारे युनेस्कोने २०१९ मध्ये भारताविषयी अहवाल काढला. पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शाळेत किंवा बालवाडीत जात नाहीत, असे तो सांगतो. म्हणजे ती घरी असतात.

घरी म्हणजे नेमके काय, हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलाजवळ बसल्यावर कळते. जन्मताच मेंदूला प्राणवायू कमी पडला, मूल फार कमी दिवसांचे जन्मले किंवा नवजात कावीळ हाताबाहेर गेली, तर मेंदूच्या काही भागाला कायमची इजा होऊ शकते. मग स्नायू ताठ होतात. उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. अशा मुलाला दोन्ही हातांवर आडवे धरून न्यायची सवय लागते आणि पाय आणखी आवळले जातात. त्याउलट पाय फाकवून कडेवर घेतले तर कात्री सुटायला मदत होते, आणि मान धरता येत असेल तर मुलाला समोरचे जगही दिसते. खानदेशातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या मूल घेतात ते असेच. कुणी समजावून सांगितले तर त्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्टच उपचाराच्या कामी येते.

भरवण्याचेही तसेच. मूल गिळत नाही म्हणून त्याची मान मागे टाकून तोंडात घास सोडला जातो. त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि छातीचे आजार पाठ सोडत नाहीत. मुलाला बसते करायचे, हनुवटी किंचित खाली ठेवायची, दुधात मुरवलेली भाकरी किंवा घोटलेली मुगाची खिचडी लहान चमच्याने द्यायची आणि गिळेपर्यंत थांबायचे. एका जेवणाला तास लागतो. बसवायला महागडी खुर्चीच हवी असे नाही. दोन भिंतींचा कोपरा, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्या आणि पायांमध्ये कापडी लोड एवढ्यावर अनेक मुलांचे निभते. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांमधील अनुभवावरून १९८७ मध्ये खेड्यातल्या दिव्यांग मुलांसाठी मोठे सचित्र पुस्तक तयार केले. घरातल्याच वस्तूंवर भागवायचे हे शहाणपण त्यात पानोपानी आहे. यासाठी गरज असते ती एखाद्या जाणत्या माणसाने घरी येऊन, त्याच कोपऱ्यात बसून, हात धरून दाखवण्याची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा ज्याला पाणी मागताच येत नाही अशा मुलाला दिवसभरात किती वेळा पाणी द्यायचे, एवढी साधी गोष्टसुद्धा कुणीतरी सांगावी लागते.

बोलण्याचा प्रश्न खानदेशात वेगळाच गुंता करतो. घरात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, पाड्यावर पावरी किंवा भिलोरी, शाळेत प्रमाण मराठी आणि मोबाइलवर हिंदी. मूल उशिरा बोलू लागले की ‘त्याच्याशी शुद्ध मराठीतच बोला’ असा सल्ला कुणीतरी देतो, आणि आई आपल्याच लेकराशी अवघडून बोलू लागते. दोन भाषा कानावर पडल्याने बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता वाढत नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते. ‘पाणी जोयजे का?’ हे जिला सहज विचारता येते, तिने ते तसेच विचारावे. दिवसभरात शंभर वेळा होणारी ही बोलणी हीच त्या मुलाची खरी स्पीच थेरपी असते.

पण दिवसभर बोलायला आई घरी तर हवी. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला जोर येतो आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या काही आठवड्यांत हाती पडतो. तेव्हा आजी असेल तर आजी, नाहीतर मोठी बहीण मुलाजवळ थांबते. बहिणीची शाळा बुडते, आणि ती हजेरीपत्रकात नुसती ‘गैरहजर’ असते. सूरतच्या लिंबायत-उधन्यात मजुरीला गेलेल्या खानदेशी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. युडीआयडी देशभर चालते, पण निराधार अनुदान महाराष्ट्राचे. शालिनी धर्माणी विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिव्यांग मुलांच्या नोकरदार आयांच्या बालसंगोपन रजेचा विषय थेट संविधानाशी जोडला. निर्णय मोलाचाच आहे. मात्र कापूस वेचणाऱ्या बाईला रजा देणारे कोणीच नाही. तिच्यासाठी रजेचा अर्थ एकच: मुलाजवळ चार तास दुसरे कुणीतरी थांबणे.

शिक्षणाचा कायदा या घरांपर्यंत पोचलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि तीव्र व बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. त्यासाठी समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक घरी जातात. चांगला विशेष शिक्षक आला की आधी अक्षरे काढत बसत नाही. डबा उघडणे, बटण लावणे, लघवीची खूण करणे, घंटा वाजली की मान वळवणे, अशा गोष्टी तो आईबरोबर बसून घेतो. अडचण संख्येची आहे. एकाच्या वाट्याला अनेक गावे आणि गाडी स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या या मंडळींना त्यातून स्थैर्य मिळाले, तर मुलाला दरवर्षी नव्या माणसाची ओळख करून घ्यावी लागणार नाही. स्वमग्न मुलाच्या घरी ही फार मोठी गोष्ट असते.

खरा उशीर मात्र शिक्षक येण्याच्याही आधी, दोष ओळखण्यातच होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करायची आणि दोष वेळीच हेरायचे, ही त्याची कल्पना. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. सहा महिन्यांचे बाळ मान धरत नाही, हे डॉक्टरांच्या आधी अंगणवाडी ताईला आणि आशा कार्यकर्तीला दिसते. ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणण्यात गेलेली दोन वर्षे नंतर भरून काढणे फार जड जाते.

महाराष्ट्रात या क्षेत्रात जे उभे राहिले त्यातले पुष्कळसे पालकांनीच उभे केले. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली ती लेकीच्या निमित्ताने. खानदेशाच्या शेजारी, नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या काळजीतून १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, आणि कित्येक घरांनी प्रथमच आपले मूल चारचौघांत आणले. १९९० मध्ये माधवराव गोरे आणि सहकारी पालकांनी ‘आधार’ संस्था स्थापन केली. तिच्या बदलापूर आणि नाशिकच्या केंद्रांत प्रौढ झालेली बौद्धिक अक्षम मुले राहतात. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानने कर्णबधिरांसाठी श्रवण विकास मंदिर चालवले आणि विशेष व्यक्तींसाठी ‘आश्रय माझे घर’ उभारले. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग तरुणांना निवास देऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो. खेड्यातल्या आईबापांना त्याचा एक वेगळाच उपयोग होतो. आपल्या मुलासारखाच कुणी अधिकारी झालेला त्यांना दिसतो.

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईबापांचा प्रश्न मात्र एकच असतो: आमच्या माघारी काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्याचे अर्धे उत्तर आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमून देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीला आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीसुद्धा त्यात धरली जाते. पालकांना थोडा विसावा मिळावा म्हणून ‘समर्थ’ आणि काळजीवाहक तयार करण्यासाठी ‘सहयोगी’ अशाही योजना आहेत. गावातल्याच दोन-तीन बायांना भरवणे, उचलणे आणि फिट आल्यावर कुशीवर वळवणे शिकवून मानधन दिले, तर वेचणीच्या हंगामात आई चार तास शेतात जाऊ शकेल आणि मोठी बहीण शाळेत.

पैसा गावात अगदीच नाही असे नाही. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. कित्येकदा ही रक्कम वर्षाअखेर सगळ्यांना थोडी थोडी वाटून संपते. लहान गावाची रक्कम लहानच, पण शेजारच्या चार-पाच गावांनी ठरवले तर एका प्रशिक्षित बाईचे मानधन आणि फिजिओथेरपिस्टची महिन्याची एक फेरी त्यातून निघू शकते. दिवाळी सरली की २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ येते. मागच्या वर्षीचे पाच टक्के कशावर गेले आणि यंदा किती जमले, हे तिथे कुठल्याही मतदाराला विचारता येते. दिव्यांग मुलाच्या आईला तेवढा वेळ निघेलच असे नाही, तेव्हा तो प्रश्न शेजाऱ्याने विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.