पांढऱ्या पेशींची पानगळ

मिरकरवाडा बंदरात मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा बोटात रुतणे नवे नाही. बोट सुजते, ठणकते आणि चार-आठ दिवसांत पूर्ववत होते. सूज येते कशी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला कुतूहल वाटते ते ती ओसरते कशी याचे.

जखमेकडे प्रथम धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात. जंतू मारणारी जहाल रसायने त्यांच्या पोटात असतात. पेशी फुटली, तर ती आपल्याच निरोगी मांसाला इजा करतील. म्हणून काम संपताच पेशी स्वतःच आवरते घेते. कॅस्पेस नावाची विकरे आतली प्रथिने कापतात, केंद्रक आक्रसते; बाहेरचे आवरण मात्र शाबूत राहते. त्यावर ‘मला उचला’ अशी रासायनिक खूण उमटते आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. १९७२ मध्ये या मरणाला ग्रीक भाषेतल्या पानगळीवरून ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले.

पण पान गळलेच नाही तर? रक्ताच्या काही कर्करोगांत नेमके हेच घडते. बीसीएल-२ हे प्रथिन लिम्फोसाइट पेशींना मरू देत नाही आणि त्या साचत जातात. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध तो अडसर दूर करते. पुढचे काम पेशी स्वतःच करते.

आपण एकमेकांना शतायुषी होण्याचे आशीर्वाद देतो. ते फळाला येतात, त्यात वेळेवर मरणाऱ्या या पेशींचाही वाटा असतो.