सफरचंदाची लाली आणि उष्णता: पाच गैरसमज

सफरचंद घेताना आपली नजर आधी लालीवर जाते. बाजाराचंही तसंच. गडद लाल पेटीला चढा भाव मिळतो, फिकट पेटी पडत्या भावात जाते. याचा फटका कमी उंचीवरच्या, उबदार बागांना जास्त बसतो. म्हणून उष्णता आणि रंग यांचं नातं नीट समजून घेऊ.

गैरसमज १: जितकी उष्णता जास्त, तितकं फळ लाल.

वस्तुस्थिती: लालीला उजेड लागतो, उष्णता नव्हे. हा रंग सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. ते बनवणारी जनुकं उजेडाने, विशेषतः अतिनील किरणांनी कामाला लागतात आणि गार रात्री त्यांचा जोर वाढतो. पारा ३० अंश सेल्सियसच्या वर टिकून राहिला की रंग बनणं मंदावतं. निरभ्र दिवस आणि थंड रात्री लाभणाऱ्या किन्नौरसारख्या उंच भागातलं फळ म्हणूनच छान रंगतं. जपानमधले बागायतदार फळावर सावली धरणारी पानं काढतात, झाडाखाली चकाकता कागद अंथरतात आणि फळ देठावर हलकेच फिरवतात. प्रत्येक बाजूला उजेड मिळावा, एवढ्यासाठी ही मेहनत.

गैरसमज २: लाल झालं म्हणजे पिकलं.

वस्तुस्थिती: रंगणं आणि पिकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डेलिशियस या जातीचे काही सुधारित वाण पिकण्याच्या बऱ्याच आधी लालभडक होतात. ग्रॅनी स्मिथ या जातीचं फळ पिकूनही हिरवंच राहतं. पक्वता तपासायला बागेत फळ आडवं कापून त्यावर आयोडीन लावतात. स्टार्च शिल्लक असेल तिथे गर काळानिळा पडतो. स्टार्चची साखर झाली असेल तिथे डाग उमटत नाही. लालीखालचा मूळ रंग हिरव्याचा पिवळसर होणं, ही आणखी एक खूण.

गैरसमज ३: उष्णतेने फळ नेहमी लवकर पिकतं.

वस्तुस्थिती: उष्णता कधी येते, यावर ते ठरतं. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ऊब मिळाली तर फळाची वाढ वेगाने होते आणि तोडणी अलीकडे येते. तोडणीच्या तोंडावर मात्र कडक उष्म्यात, पिकण्याला चालना देणारा इथिलीन वायू बनणंच अडखळू शकतं. बागायतदाराची खरी कोंडी उबदार रात्रींच्या हंगामात होते. आत गर पिकत असतो आणि साल रंगायची थांबलेली असते. रंगासाठी वाट पाहिली तर फळ मऊ पडतं आणि साठवणीत टिकत नाही. रंग लवकर यावा म्हणून इथेफॉन हे रसायन फवारलं, तर त्यातून इथिलीन सुटतो आणि रंगाबरोबर फळाचं मऊ पडणंही वेग घेतं.

गैरसमज ४: सालीवरचा पिवळट-तपकिरी पट्टा म्हणजे रोग.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा तो उन्हाचा चट्टा असतो. थेट उन्हातल्या फळाची साल भोवतालच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त तापू शकते. सालीचं तापमान ४६ ते ४९ अंशांवर गेलं की उन्हाकडची बाजू तपकिरी पडते; ५२ अंशांच्या आसपास पेशीच मरतात. यावर उपाय म्हणून बागेवर जाळी घालतात, किंवा बारीक तुषार सोडून फळ गार ठेवतात.

गैरसमज ५: फिकट फळ बेचव असतं.

वस्तुस्थिती: गोडी आणि आंबटपणा गरात असतो, सालीची लाली त्याची हमी देत नाही. जपानमध्ये फुजी आणि त्सुगारू या जातींच्या १९७० ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. वाढत्या तापमानाबरोबर फळांतली आम्लता आणि कडकपणा घटल्याचं त्यात दिसलं. म्हणजे उष्णता चवीवर परिणाम करते खरी, पण तो परिणाम साल बघून कळत नाही.

तेव्हा सफरचंद घेताना देठाजवळचा मूळ रंग बघा, फळ हाताला घट्ट लागतं का ते तपासा आणि जमलं तर एक फोड चाखून बघा. तापमान वाढत असताना लालीचाच हट्ट धरला, तर बागायतदाराला फवारणी करावी लागेल किंवा तोडणी लांबवावी लागेल, आणि दोन्हींत फळाचंच नुकसान आहे. घट्ट, रसाळ पण जरा फिकट फळाला योग्य दाम देणारं गिऱ्हाईक हा त्या बागेला मोठा आधार आहे.