लकवा मारला, आता दवाखान्यात किती दिवस?

अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. इथला लकव्याचा पेशंट सोलापूरला हलवला की घरात पहिला प्रश्न निघतो, किती दिवस ठेवतील? रानातली कामं, जनावरं, पैशाची जुळवाजुळव, सगळं त्या उत्तरावर अडलेलं असतं.

‘जास्त दिवस ठेवलं की जास्त सुधारतो’ हा यातला सर्वांत खर्चिक गैरसमज. दवाखान्यातला मुक्काम मेंदूचं आणखी नुकसान टाळण्यासाठी आणि झटक्याचं कारण शोधण्यासाठी असतो. गुठळीमुळे आलेला सौम्य झटका असेल तर काही दिवसांतच घरी सोडतात. जोराचा असेल तर आठवडा-दोन आठवडे जातात. मेंदूत रक्तस्राव झाला किंवा शुद्ध हरपली, तर मुक्काम आणखी लांबू शकतो.

मुक्काम लांबवणारी एक गोष्ट नातेवाइकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे गिळणं. नीट गिळता येतं का हे तपासायला दवाखान्यात पेशंटला ताठ बसवून चमच्याने थोडं थोडं पाणी पाजतात. ठसका लागतो का, पाणी ओठाच्या कडेनं ओघळतं का, गिळल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो का, हे बघतात. ही तपासणी होईपर्यंत तोंडानं काहीही द्यायचं नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही. उपाशी कसं ठेवायचं म्हणून मायेनं पाजलेला घोटभर चहा फुप्फुसात उतरतो, न्यूमोनिया होतो आणि चार दिवसांचे पंधरा होतात. नाकातून नळी घातली म्हणजे आशा संपली, असंही नाही. गिळणं सुधारलं की बहुतेकांची नळी निघते.

‘चालायला लागल्याशिवाय घरी नेऊ नका’ हेही चूक. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगानं होते, पुढेही चालू राहते. त्यातला बहुतेक काळ घरीच जातो आणि व्यायाम तिथंच करून घ्यावा लागतो. उलट, पहिल्याच दिवशी ओढून-ताणून उभं करायची घाईही नको. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत पहिल्या 24 तासांत वारंवार उठवून चालवलेल्यांची प्रकृती तीन महिन्यांनी तुलनेनं कमी सुधारलेली दिसली. कधी, किती उठवायचं हे डॉक्टरांना विचारूनच.

मात्र सर्वांत जिवावर बेततो तो समज म्हणजे ‘आधी कबुतराचं रक्त लावू, मालिश करू, उतार नाही पडला तर दवाखाना’. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. अणदूरहून सोलापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली की 108 ला फोन करावा आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी थेट न्यावं. गडचिरोलीच्या 86 गावांत 2011 ते 2013 या काळात ‘सर्च’ या संस्थेनं केलेल्या पाहणीत सातांतला एक मृत्यू लकव्याचा होता आणि त्यातले बहुतेक घरीच झाले होते.

गावातल्या बायकांना शिकवून भारतवैद्य म्हणून उभं करण्याचं काम हॅलो मेडिकल फाउंडेशननं अणदुरातूनच केलं. त्यामुळे गावातल्या शिकलेल्या बाईनं घरी येऊन बीपी मोजण्याचं मोल इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. घरी आल्यावर तिलाही बघता यावं म्हणून डिस्चार्ज घेताना एवढं कागदावर लिहून घ्या: बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणती, किती दिवस, जेवण पातळ की घट्ट, कूस किती वेळानं बदलायची, फिजिओथेरपीचे कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा. बरं वाटतंय म्हणून यातली एकही गोळी आपल्या मनानं बंद करू नका, दुसरा झटका यायची भीती असते.