सीटखालचं धरण

पावसाळ्यात वळवणच्या धरणापाशी गेलात तर पाणी कसं गरीब गायीसारखं उभं असतं. लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. पण हेच लोणावळ्याच्या माथ्यावरचं पाणी १९१५ पासून पाइपांतून घाट उतरतं आणि सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत वीज तयार करतं. त्याची सगळी ताकद अडवलेली आहे. अडवतेय ती भिंत.

आता एक हिशोब करू. जीप रँग्लरची प्लग-इन हायब्रिड घ्या: पेट्रोलवर चालते आणि प्लग लावून चार्जही होते. तिच्या बॅटरीत सुमारे १७ युनिट वीज मावते, वीजबिलावर असतात तीच युनिटं. एवढी ऊर्जा हवी तर लोणावळ्याहून खोपोलीला साधारण साडेबारा हजार लिटर पाणी सोडावं लागेल. दहा हजारांचा टँकर, वर आणखी पाव टँकर. आणि ही बॅटरी बसते मागच्या सीटखाली!

मग तिथली भिंत केवढी? प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक पापुद्रा असतो, सेपरेटर. जाडी जेमतेम वीस मायक्रॉन. आपला केस त्याच्या तिप्पट जाड. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की लिथियमचे आयन आरपार जातात, पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना शिवत नाहीत. काही सेपरेटर तर सेल फार तापला की वितळून आपली छिद्रं आपणच बुजवतात. मला विचाराल तर अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच.

हा पापुद्रा दुखावला की आतल्या आत शॉर्टसर्किट. सेल तापतो, तापल्यामुळे आतल्या रासायनिक क्रिया भडकतात, त्यांनी तो आणखी तापतो, मग शेजारचा पेटतो. २०२४ मध्ये जीपने जगभरातून सुमारे १ लाख ९४ हजार प्लग-इन हायब्रिड दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या सेपरेटरच्याच दोषापायी. (आपल्या रांजणगावला रँग्लर जोडतात, पण ती पेट्रोलवरची.) मालकांना सांगितलं, चार्ज करू नका आणि गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा. किल्ली काढली की इंजिन थांबतं. सीटखालचं धरण भरलेलंच राहतं.

पुण्याने हे रस्त्यावर पाहिलंय. मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात उभी असलेली ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर आधी धुमसली, मग भडकली. महिन्याभरात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी मागवल्या.

तळेगावात जिचा कारखाना होता त्या जनरल मोटर्सची बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी तर आणखी चमत्कारिक. एकाच सेलमध्ये फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर, असे दोन दुर्मीळ दोष एकत्र आले तरच धोका. तरी २०२१ मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलवाव्या लागल्या. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सूचना होती, ९० टक्क्यांवर चार्ज नको. पावसाळ्यात धरणात थोडी जागा ठेवतात, तसंच.

घाटातही ही जागा कामाला येते. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात; मग ती वीज बनवते आणि गाडीचा वेग आवरते. पण लोणावळ्यात चिक्की घेताघेता कुणी बॅटरी शंभर टक्के भरून निघालं, तर ती वीज ठेवायची कुठे? मग खोपोली येईपर्यंत बिचाऱ्या ब्रेकपॅडांनाच राबावं लागतं.